सात की नऊ

देहूरोडला फोटो काढणं हा जपून करायचा उद्योग आहे. गावात ऑर्डनन्स डेपो, शिवाय दारूगोळ्याचं कोठार, उरलेल्या जागेत कॅन्टोन्मेंट, आणि जागोजागी ‘फोटो काढण्यास सक्त मनाई’च्या पाट्या. नातवाच्या बोरन्हाणाचा फोटो अंगणात काढतानासुद्धा मागे कुठली सरकारी भिंत येत नाही ना, हे आम्ही आधी बघून घेतो. त्यामुळेच की काय, इथल्या काही मंडळींना दुसऱ्यांनी, दुसरीकडे आणि फार पूर्वी काढलेले फोटो बघण्याची गोडी लागली आहे. निदान आमच्या शेजारच्या अण्णांच्या ओसरीवर दर रविवारी सकाळी जी बैठक भरते, तिचं दुसरं कारण मला सापडलेलं नाही.

या बैठकीत विमानं ओळखतात. उडणारी नव्हे, फोटोतली. लोहगावचं सुखोई पत्रे हादरवत डोक्यावरून जातं तेव्हा एकही मान वर होत नाही. “सुखोई,” कुणीतरी चहाचा घोट घेता घेता म्हणतं, आणि घोट पुरा करतं. इथे सोपं विमान दाखवणं हा अपमान समजतात. एकदा मी मोठ्या हौसेनं डाकोटाचा फोटो पुढे केला. भर मैफलीत ‘हा भूप का हो?’ असं विचारणाऱ्याकडे जाणकार जसे बघतात, तसं सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मराठीत नाटकाचं परीक्षण होतं, गाण्याचं होतं, हल्ली तर मिसळीचंही होतं. या कलेचं मात्र अजून कुणी केलेलं नाही. तेव्हा ते मीच करतो. बारा रविवारची हजेरी आणि साधारण तीस कप चहा एवढा माझा अधिकार.

आधी गुण सांगतो. विषयाची निवड उत्तम असते. एरवी शहाण्यासुरत्या माणसांनी काय काय बांधून ठेवलंय, ते या ओसरीवरच मला कळलं. इटलीतल्या काप्रोनी यांनी 1921 साली एका प्रचंड विमानाला नऊ पंख आणि आठ इंजिनं लावली आणि ते मॅजोरे सरोवरावरून उडवलं. दुसऱ्याच उड्डाणात ते पाण्यात आलं. जर्मनांच्या ब्लोम उंड फॉस कंपनीनं एका बाजूला इंजिन आणि दुसऱ्या बाजूला माणसं अशी वाटणी केलेलं विमान 1938 साली उडवून दाखवलं. ते चक्क नीट उडायचं. (संसार चालतो, मग विमान का चालू नये? इति अण्णा.) आणि 1942 साली अमेरिकेत उडालेलं व्हॉट व्ही-173 बघून आमच्या सौ.नी “हे थालीपीठ कुणाचं?” असं विचारलं, ते काही अगदीच चुकलं नव्हतं. मधे भोक तेवढं नव्हतं.

दुसरा गुण अधिक मोलाचा. इथे ‘मला वाटतं’ चालत नाही. अण्णांचं आयुष्य डेपोत सुटे भाग ओळखण्यात गेलं. एकासारखे एक दिसणारे दोन नट वेगळे का, हे सांगितल्याशिवाय तिथे सही मिळत नसे. तोच कायदा ओसरीवर. “कशावरून?” हा त्यांचा आवडता शब्द.

या शब्दाचा प्रसाद मला तिसऱ्याच रविवारी मिळाला. मी म्हटलं, “परदेशी विमानांचं काय कौतुक? आपल्या शिवकर बापूजी तळपद्यांनी 1895 सालीच गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं!”

“फोटो?” अण्णा म्हणाले.

फोटो नव्हता. मग मी ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातल्या विमानांच्या चित्रांचा विषय काढला. ती चित्रं 1923 साली बंगलोरला काढलेली, आणि 1974 साली बंगलोरच्याच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच अभ्यासकांनी ती तपासून ही विमानं उडणं शक्य नाही असा निर्वाळा दिलेला, हे अण्णांना तोंडपाठ होतं. “म्हणजे बघा,” ते म्हणाले, “एकीकडे विमान आहे म्हणतात, पण चित्र नाही. दुसरीकडे चित्र आहे, पण विमान नाही. दोन्हींची बेरीज करून एक विमान होत नाही.”

मी चिडून म्हटलं, “आणि तुकोबांचं विमान?” देहू इथून हाकेच्या अंतरावर. प्रभातच्या 1936 सालच्या ‘संत तुकाराम’मध्ये गरुडाचं विमान तुकोबांना घेऊन जातं, ते अण्णांनी किती वेळा पाहिलंय याची गणती नाही. अण्णांनी हात जोडले. “त्याची जात विचारायची नसते,” म्हणाले. कुठे ‘कशावरून’ विचारायचं आणि कुठे नाही, हे ज्याला कळतं, त्याला मी मोठा समीक्षक मानतो.

आता दोष. दोष एकच, पण मुळावरचा. नाव कळलं की बघणं संपतं. घटकाभर भिंगातून फोटो न्याहाळतात, शेपटीवरून वाद घालतात, ‘जेन्स’चे जुने जाडजूड खंड उपसतात. आणि नाव लागलं रे लागलं, की “पुढचा!” गाण्यातही अशी मंडळी असतात. पहिल्या आलापात राग ओळखतात, शेजाऱ्याच्या कानात सांगतात आणि मग पान लावायला घेतात. गाणं बिचारं पुढे तासभर चालूच असतं.

हा दोष मला खुपला तो मामाच्या फोटोमुळे.

आईचा थोरला भाऊ 1940च्या सुमारास घरात न सांगता निघून गेला. काही वर्षांनी आला तो आजारी होऊनच, आणि फार जगला नाही. मधल्या काळाबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. मागे राहिला एक फोटो. विमानाच्या नाकाशी टोपी घालून उभा असलेला मामा. तेवढ्यावर घरानं त्याला वैमानिक करून टाकलं. फोटोला फ्रेम झाली, हार झाला. मावसबहिणीच्या लग्नाच्या बैठकीत ‘मुलीचे मामा वैमानिक होते’ या एका वाक्यानं हुंड्यातले पाचशे रुपये कमी झाले, असं म्हणतात.

तो फोटो मी ओसरीवर नेला. “हार्वर्ड,” एकानं लगेच सांगितलं. खाली पंख, पुढे गोल इंजिन, एकामागे एक दोन बैठका आणि वर लांब काच. लढाईच्या काळात आपल्या हवाई दलाचे वैमानिक हार्वर्डवरही शिकत. माझी छाती फुगली.

“कशावरून?” अण्णांनी भिंग घेतलं आणि इंजिनाचे सिलिंडर मोजायला सुरुवात केली. हार्वर्डला नऊ असतात. अण्णांना सात सापडले. पुन्हा मोजले. सातच. मग जेन्सचा खंड आला, त्यातून हार्लो नावाचं विमान निघालं. कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाच्या कॉलेजात हार्लो नावाच्या शिक्षकानं विद्यार्थ्यांना हाताशी धरून विमान बांधलं, त्याच घराण्यातलं हे. “मामा अमेरिकेला गेले होते?” नव्हते. “मग बंगलोर,” अण्णा म्हणाले. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर 1940 मध्ये तिथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखाना काढला. अमेरिकेतून भाग आणून तिथे जोडलेलं पहिलं विमान ऑगस्ट 1941 मध्ये उडालं, ते हार्लोच. “तुमचे मामा उडवत होते की नव्हते, हे इंजिन सांगत नाही. उभे कुठे होते, तेवढं सांगतं. पुढचा!”

कुणी विचारलं नाही, हा माणूस कोण, का गेला, परत का आला. ऐंशी वर्षं आमच्या घराला पडलेलं कोडं त्यांनी पाच मिनिटांत अर्धं सोडवलं आणि उरलेलं अर्धं चहाच्या कपाबरोबर बाजूला सारलं. मी फोटो काखोटीला मारला आणि घरी आलो.

धाकटी मावशी आता नव्वदीची आहे. तिला सगळं सांगितलं. मामा वैमानिक नसावा हे तिला लागेल, म्हणून जरा घाबरतच सांगितलं. तिनं फोटो डोळ्यांशी धरला. विमानाकडे बघितलंच नाही. बराच वेळ बघून म्हणाली, “अरे, याच्या हातात फडकं आहे.”

होतं. डाव्या हातात, अर्धं मुठीत, तेलकट. आम्ही चेहरा बघत होतो, ओसरीवरची मंडळी इंजिन बघत होती. हात कुणीच बघितले नव्हते. “आजारी होता तरी आईचं शिवणयंत्र पार खोलून परत जोडलं होतं त्यानं,” मावशी म्हणाली. “असंच फडकं घेऊन बसला होता. आई ओरडली, तर म्हणाला, याच्यापेक्षा मोठी जोडलीत मी. आम्हाला वाटलं, तापात बोलतोय.”

पुढच्या रविवारी मी फोटो पुन्हा ओसरीवर ठेवला. “हा झालाय,” मंडळी म्हणाली. मी फडक्यावर बोट ठेवलं आणि शिवणयंत्राचं सांगितलं. अण्णांनी भिंग घेतलं. सिलिंडर मोजायला लागला होता त्याहून जास्त वेळ ते त्या हाताकडे बघत राहिले. मग फोटो उलटा केला, मागे पेन्सिलनं ‘हार्लो, सात सिलिंडर, बंगलोर’ असं आठवड्यापूर्वी लिहिलेलं होतं, त्याच्याखाली पेन्सिल टेकवली आणि मला विचारलं,

“मामांचं नाव काय हो?”