वचननाम्यातील दहावे कलम

वाङ्मयाची चर्चा करणाऱ्या नियतकालिकात निवडणुकीच्या पत्रकाची समीक्षा कशाला, असे कुणी विचारील. माझे उत्तर साधे आहे. आपल्या वस्तीत एखादी कविता दहा घरांत पोहोचते. उमेदवाराचे पत्रक प्रत्येक उंबऱ्यावर येऊन पडते. ज्या लिखाणाच्या आधारे आपल्याकडे सत्ता मागितली जाते, ते आपण बारकाईने वाचायचे नाही, तर कुणी वाचायचे?

२०२५ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातील २४६ नगरपरिषदा व ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्यापूर्वी अनेक गावांवर कित्येक वर्षे प्रशासकाचा अंमल होता. लोकलच्या वेळापत्रकावर जगणारे आमचे उपनगरी गावही त्यांपैकीच. आमच्या प्रभागातील एक जागा अनुसूचित जातीसाठी राखीव होती. तिथला एक उमेदवार माझा जुना विद्यार्थी. वस्तीतला, कष्टाळू, रात्री-अपरात्री रुग्णाला घेऊन धावणारा. छापायला देण्यापूर्वी त्याने वचननामा माझ्याकडे आणला आणि म्हणाला, "सर, शुद्धलेखन तेवढं बघून द्या."

वचननाम्यात दहा कलमे होती. पहिले, प्रभागाच्या तोंडाशी बाबासाहेबांच्या नावाची भव्य कमान. दुसरे, चौकाचौकांत सीसीटीव्ही. तिसरे, उद्यान आणि खुली व्यायामशाळा. मग सिमेंटचे रस्ते, ज्येष्ठांसाठी बाके, तलावाचे सुशोभीकरण, वाहनतळ. आठवे, पुरेसे पाणी. नववे, अभ्यासिका. आणि दहावे कलम अवघ्या एका ओळीचे: 'सफाई कामगारांचा यथोचित सन्मान करण्यात येईल.'

मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, दोन ठिकाणी अनुस्वार दिले आणि कागद परत केला. आज मी ही समीक्षा लिहितो आहे, तिचा पहिला आरोपी मीच आहे.

कारण त्याच संध्याकाळी ती कलमे मी आईला वाचून दाखवली. माझ्या आईने या गावाचे रस्ते बावीस वर्षे ठेकेदाराच्या हजेरीवर झाडले. त्या झाडूवर मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो. तिला अक्षर येत नाही. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "समदं बरं हाय. पर घंटागाडीवरल्या पोरींचा पगार महिन्याच्या महिन्याला हुईल, आसं कुठं लिवलंय? आन् त्या कमानीखालचं कोन झाडनार?"

महाविद्यालयात मी साहित्यकृतीच्या अंतर्विरोधावर तासन्‌तास बोलतो. या संहितेतला अंतर्विरोध मला दिसला नाही, तो आईला दिसला.

आता त्या संहितेकडे पाहू. दहाही कलमांची क्रियापदे एकाच साच्यातली आहेत: करण्यात येईल, उभारण्यात येईल, देण्यात येईल. करणारा कोण, कधी करणार, पैसा कोणत्या शीर्षाखालून येणार, याचा मागमूस नाही. ही कचेरीची भाषा आहे. तिच्यात कर्ता गाळलेला असतो, म्हणून काम न झाल्यास जाब कुणालाच विचारता येत नाही. या भाषेचा जाच सोसलेल्या माणसानेच ती उचलावी, ही खरी शोकांतिका.

दुसरी गोष्ट क्रमाची. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमात नगरपरिषदेची कर्तव्ये दोन प्रकारची सांगितली आहेत: बंधनकारक आणि ऐच्छिक. पाणीपुरवठा, रस्ते व गटारांची सफाई, सार्वजनिक शौचालये, दिवाबत्ती ही बंधनकारक. उद्याने ऐच्छिक. म्हणजे आमच्या उमेदवाराने ऐच्छिक ते वर घेतले आणि बंधनकारक ते तळाला ढकलले. कायदाही त्याच्यापेक्षा वस्तीच्या अधिक जवळ होता, असे म्हणायची पाळी येते!

असे का झाले? केवळ अज्ञानाने नव्हे. राखीव जागेवर उमेदवार आपला असला, तरी मतदार सगळे असतात. १९३२ च्या पुणे करारात संयुक्त मतदारसंघ स्वीकारावा लागला, तेव्हापासूनचा हा पेच आहे. वस्तीची मते घरची म्हणून गृहीत धरली जातात आणि वचननामा पलीकडच्या मनोऱ्यांतल्या मतदाराला डोळ्यांपुढे ठेवून लिहिला जातो. त्याला उद्यान हवे, वाहनतळ हवा. वस्तीला कमान दिली की भागते. इतकी स्वस्त आहे का आपली अस्मिता?

मी नावाला क्षुल्लक मानीत नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी माणसे जिवानिशी गेली, घरे जळाली. पण नामांतराचा धडा काय आहे? विधिमंडळाचा ठराव २७ जुलै १९७८ चा आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. मध्ये पंधरा वर्षांहून अधिक काळाची लढाई आहे. महाडचेही तेच. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला, पण पाण्याला हात लावण्याची सोय झाली नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी त्या ठरावाचा अंमल लोकांच्या ओंजळीने केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. आपल्या चळवळीचा केवढा तरी भाग ठराव आणि अंमल यांच्यामधल्या या दरीत घडला आहे. तेव्हा आपल्या उमेदवाराने तरी अंमलाच्या भाषेत लिहावे, ही अपेक्षा अवाजवी आहे काय?

नगरपालिकेत बसून काय करता येते, याचे उदाहरणही आपल्याच परंपरेत आहे. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन येणार म्हणून शहर सजवण्यासाठी हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला. विरोधात एकटे जोतीराव उभे राहिले. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या, एवढेच त्यांचे म्हणणे. शहराच्या शोभेवर खर्च होणारा रुपया कुणाच्या तोंडातून काढलेला असतो, हे त्यांना ठाऊक होते.

दहाव्या कलमातला 'सन्मान' हा शब्द मला म्हणूनच खुपतो. शाल, श्रीफळ, टाळ्या, छायाचित्र आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघड्या हातांनी कचरा. कायद्याने कामगाराला जे द्यायचे आहे, त्याचे नाव सन्मान नाही, हक्क आहे. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, हातमोजे, बूट. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात उतरवणे गुन्हा ठरवले. गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला तीस लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी सांगितले. यातले एक अक्षरही त्या कागदावर नाही, आणि ते नसल्याचे मी शुद्धलेखन तपासताना पाहिले नाही. शिकलेल्या माणसाचा हा गुन्हा लहान नाही.

तो निवडून आला. पेढे घेऊन घरी आला, आईच्या पाया पडला. आईने तोंड भरून आशीर्वाद दिला आणि पगाराचे पुन्हा विचारले. तो म्हणाला, "मावशी, बघू." मी त्याला बसवून घेतले. वचननामा पुढ्यात ठेवला आणि म्हटले, आता हा खालून वर वाच. दहावे कलम पहिले कर. सभागृहातला तुझा पहिला प्रश्न ठेकेदाराच्या हजेरीपटाचा असू दे: किती माणसे कागदावर, किती रस्त्यावर, आणि कुणाला किती तारखेला पैसे मिळाले. अर्थसंकल्पावर बोलशील तेव्हा कमानीची रक्कम आणि हातमोज्यांची रक्कम शेजारी-शेजारी वाचून दाखव.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

त्याला द्यायला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते उत्तर आपण सर्व शिकलेल्यांनी द्यायचे आहे. पुढच्या वेळी वस्तीतला उमेदवार कागद घेऊन आपल्या दारी येईल, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ मागाहून पाहू. आधी कर्ता शोधू, तारीख मागू, रक्कम विचारू. आणि छापायला जाण्यापूर्वी तो कागद रस्ता झाडणाऱ्या एका बाईला मोठ्याने वाचून दाखवू.