‘तारे जमीं पर’मधील सुटलेला धागा

आमिर खान यांनी दिग्दर्शित केलेला व अमोल गुप्ते यांच्या लेखणीतून उतरलेला ‘तारे जमीं पर’ हा चित्रपट २००७ च्या डिसेंबरात प्रदर्शित झाला. ज्या मुलास अक्षरे साधत नाहीत तो आळशी वा मंद नव्हे, ही गोष्ट त्याने सुशिक्षित कुटुंबांच्या गळी उतरविली; हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु कलाकृतीने काय दाखविले याबरोबरच, हाती आलेले काय सोडून दिले, हेही समीक्षकाने पाहावयाचे असते.

वसतिगृहाच्या शाळेत हिंदीचा तास चालू आहे. ईशान कवितेचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगतो. गुरुजी त्याला झिडकारतात व पाठ केलेल्या उत्तराची वाहवा करतात. राजन मात्र त्याला सांगतो की, खरा अर्थ तुझाच. आमच्या मते चित्रपटातील सर्वांत मोलाचा क्षण हाच. अक्षर न साधणाऱ्यास अर्थ साधतो, आणि हे तेथे प्रथम ओळखतो तो शिक्षक नव्हे, सोबती! पुढे निकुंभ सर येतात, त्याला एकट्याला शिकवितात आणि अखेर चित्रस्पर्धेत ईशान पहिला येतो. वर्ग टाळ्यांपुरता उरतो. मान मिळतो तो कुंचल्यास. त्या अर्थास नव्हे.

ईशान आठ-नऊ वर्षांचा आहे. तोच चौदा-पंधरा वर्षांचा झाला की लाज अधिक बोचू लागते. आमच्या छत्रपती संभाजीनगरात घरी मराठी, उर्दू वा हिंदी बोलणारी मुले एकाच वर्गात आढळतात. त्यांत देवनागरीची अवघड वळणे : ‘कि’मधील वेलांटी आधी लिहावयाची, उच्चारावयाची मागून, ‘सूर्य’मधील रफार उच्चारात ‘य’च्या आधी, पण बसतो त्याच्याच डोक्यावर. ‘ऊठ, पुढे वाच’ म्हटले की अशा मुलाचा आवाज घशातच राहतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन-अक्षमतेस मान्यता दिली. शालान्त परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलतीही आहेत. परंतु त्या परीक्षेपुरत्या. वर्षभराच्या वाचनाचे काय? अमेरिकेत क्लिंगनर व वॉन या विदुषींनी गेल्या शतकाच्या अखेरीस सहवाचनाची एक पद्धती मांडली. लहान गटात कामे वाटावयाची : एकाने गट चालवावयाचा, दुसऱ्याने अडलेल्या शब्दांची उकल करून घ्यावयाची, तिसऱ्याने साराकडे लक्ष ठेवावयाचे. आम्ही एवढीच पुस्ती जोडू की, उतारा आदल्या दिवशी हाती द्यावा आणि मोठ्याने वाचण्याची सक्ती नसावी. नाहीतर गटही चव्हाट्यावरची परीक्षाच होईल. अक्षरांचे स्वतंत्र शिक्षण यामुळे चुकत नाही, हे खरे. ते निकुंभ सरांचे काम आहे आणि ते त्यांनी चोख बजाविले.

परंतु राजनला जे उमगले ते साऱ्या वर्गास उमगेल, अशी व्यवस्था लावणे हेही शिक्षकाचेच काम होय. चित्रपटाने ते केले नाही. आमच्या शाळांनी तरी करावे.