मालिकांचं संगीत : आठवण की आज्ञा?

कोलशेतमध्ये मालिकांवर बोलायचं म्हणजे माहेरच्या गोष्टी माहेरीच सांगण्यासारखं आहे. इथून जवळच, घोडबंदर रस्त्याच्या परिसरात कितीतरी मराठी मालिकांचं चित्रीकरण चालतं. ते सेट, ते कलाकार तुमच्यापैकी काहींनी पाहिलेही असतील. आज बोलायचंय ते न दिसणाऱ्या भागाविषयी, म्हणजे संगीताविषयी.

आपल्याकडे मालिका जेवढी बघतात, तेवढीच ऐकतात. ओट्याशी पोळ्या लाटणाऱ्या बाईचं तोंड टीव्हीकडे नसतं, कान मात्र तिकडेच असतात. १९९९ साली अल्फा मराठीवर ‘आभाळमाया’ सुरू झाली. शीर्षकगीत मंगेश कुलकर्णींचं, चाल अशोक पत्कींची, आवाज देवकी पंडितांचा. ते सुरू झालं की हातातलं काम टाकून माणसं बाहेरच्या खोलीत यायची. आता गंमत बघा. मालिका सुधा जोशीच्या संसाराची, पण गाण्यात ना तिचं नाव, ना तिची कहाणी. त्यामुळे ते ज्याच्या त्याच्या घराला लागू पडायचं. कथानक आज कितीजणांना आठवतं? गाणं आठवतं.

आणि आता? सासूबाईंनी मान वळवली की धाडकन आवाज. तोच चेहरा तीनदा, दणकाही तीनदा. कुणी म्हणेल, ओट्याशी उभ्या असलेल्या बाईला कळावं म्हणूनच ना ते? त्यात तथ्य आहे. शिवाय रोज एक भाग द्यायचा, तेव्हा ठरलेले तुकडे पुन्हापुन्हा वापरले जाणारच. माझी तक्रार आवाजाच्या मोठेपणाबद्दल नाही. हे संगीत त्या बाईला हुकूम सोडतं: आता घाबर, आता रड. संवाद ऐकून तिचं तिला काही कळेल, यावर त्याचा भरवसाच नाही. नटीचे डोळे भरून यायच्या आधीच व्हायोलिन रडून मोकळं!

कोरियन मालिकांत गाण्याचा वापर वेगळा होतो. मालिका चालू असतानाच तिची गाणी एकेक करून प्रसिद्ध होतात. पहिल्या भेटीत ऐकलेलं गाणं पुढे ताटातुटीच्या वेळी पुन्हा येतं. सूर तेच, पण मधल्या भागांत जे घडलं ते आपल्याला माहीत असतं, म्हणून ते आता टोचतं. तिथे प्रेक्षकाच्या आठवणीला काम दिलेलं असतं. आपल्याकडेही हे होतं की! शंकर नाग यांच्या ‘मालगुडी डेज’साठी एल. वैद्यनाथन यांनी केलेली ती गुणगुण आठवा. शब्द नाहीत, तरी अख्खं गाव डोळ्यांपुढे उभं राहतं.

आज ओटीटीवर शीर्षकगीत ओलांडायला बटणच असतं. टीव्हीवर ते बऱ्याचदा काही सेकंदांत उरकतात. म्हणजे लक्षात राहणारं संगीत आखडतं घेतलं आणि दणके तेवढे ठेवले.

एक करून बघा. आज रात्री मालिका लागली की पाठ करून बसा आणि नुसतं ऐका. संगीत बोलू देतंय का माणसांना? अर्धा मिनिट तरी शांतता मिळते का? मिळाली, तर त्या मालिकेचं नाव मला जरूर कळवा. मीही बघेन.