हसण्याची मालकी : हॅटी मॅकडॅनियलच्या निमित्ताने

‘गॉन विथ द विंड’ हा १९३९ सालचा अमेरिकन चित्रपट मी विद्यार्थी असताना एका फिल्म सोसायटीत पाहिला. गोऱ्या जमीनदाराच्या लाडावलेल्या मुलीची कंबर आवळून बांधता बांधता तिची काळी, स्थूल दाई तिला फैलावर घेते, असा त्यात एक प्रसंग आहे. सभागृह हसले. मीही हसलो. बाहेर आल्यावर माझा एक कार्यकर्ता मित्र म्हणाला, “तू कुणाला हसलास रे? आपल्या आईलाच ना?” माझी आई तेव्हा चार घरची धुणीभांडी करीत होती. मला उत्तर सुचले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

ती दाई झालेली नटी म्हणजे हॅटी मॅकडॅनियल. जन्म १८९३, कॅन्सस राज्यातले विचिटा हे गाव. आईबाप दोघेही गुलामीत जन्मलेले. बाप यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात, काळ्यांच्या पलटणीत लढला. आणि त्याच सैन्याच्या पेन्शनसाठी त्याला वर्षानुवर्षे अर्ज करावे लागले. आमच्या महार पलटणीतल्या पेन्शनरांची गाऱ्हाणी ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

हॅटीची विनोदी कारकीर्द सिनेमात सुरू झाली असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे, आणि या समजामुळेच तिचे मूल्यमापन फसते. तिची सुरुवात डेन्व्हर शहरातल्या रंगभूमीवर झाली. त्या काळी अमेरिकेत ‘मिन्स्ट्रेल शो’ नावाचा प्रकार लोकप्रिय होता. गोरे नट तोंडाला काळे फासून काळ्या माणसाची टवाळी करीत. आळशी, खादाड, भित्रा आणि धन्यावर जीव टाकणारा असा काळा माणूस त्यांनी रंगमंचावर उभा केला. त्यातलीच एक ठरीव आकृती ‘मॅमी’ची : स्वतःचे घरदार, मूलबाळ विसरून गोऱ्यांची पोरे वाढवणारी दाई. १९१४ च्या सुमारास हॅटीने आपल्या बहिणीबरोबर फक्त स्त्रियांचा मिन्स्ट्रेल संच काढला. समोर काळे प्रेक्षक असत आणि ती याच मॅमीची रेवडी उडवीत असे. गोऱ्यांनी आपल्या डोक्यातून काढलेले हे सोंग ती आपल्या माणसांसमोर आणून त्याची चेष्टा करी. येथे सोंगही तिचे, संचही तिचा आणि हसणारेही तिचेच.

पंचवीस वर्षांनी तिला ऑस्कर मिळाले ते याच मॅमीच्या भूमिकेसाठी. मात्र आता लिहिणारा गोरा होता, दिग्दर्शक गोरा होता, पैसा गोऱ्याचा होता. सोंग तेच राहिले, मालक बदलला. हॅटीच्या आयुष्याचा सगळा पेच या एका बदलात आहे, असे मला वाटते.

हा बदल तिने हौसेने केला काय? १९२९ च्या मंदीत नाटकमंडळ्या बसल्या, तेव्हा मिल्वॉकीच्या एका क्लबात तिला स्वच्छतागृहावरील मोलकरणीचे काम धरावे लागले. तेथे रंगमंचावर गोऱ्यांनाच जागा होती. पुढे तिला तेथे गाण्याची संधी मिळाली, पण आधी हातात आले ते फडके. १९३१ मध्ये ती लॉस एंजेलिसला गेली. रेडिओवर गायची, विनोद करायची आणि पोटासाठी घरकामही करायची. जी बाई दिवसा खरोखर मोलकरीण होती, तिला सिनेमाने काम दिले तेही मोलकरणीचेच. पुढच्या वीसेक वर्षांत तिने असंख्य मोलकरणी, स्वयंपाकिणी, दाया केल्या.

तरीही या भूमिकांतले काम नीट पाहिले पाहिजे. ‘ॲलिस ॲडम्स’ (१९३५) या चित्रपटात एक मध्यमवर्गीय गोरे कुटुंब श्रीमंत पाहुण्यापुढे मोठेपणा मिरवण्यासाठी एका रात्रीपुरती मोलकरीण आणते. ती मोलकरीण म्हणजे हॅटी. उकाड्याची रात्र, जड जेवण, डोक्यावरून घसरणारी टोपी, तोंडात चघळणे चालू. ती काही बोलत नाही. पण या नाटकात आपल्याला काडीचा रस नाही, हे तिच्या चालण्यातून कळते. बघता बघता त्या कुटुंबाच्या खोट्या प्रतिष्ठेचा बोजवारा उडतो. लेखकाने तिला हास्यास्पद केले होते. तिने यजमानांना हास्यास्पद केले. ही तिची कला आहे.

आता दुसरी बाजू. ‘गॉन विथ द विंड’मधल्या मॅमीला स्वतःचे नाव नाही. नवरा नाही, मूल नाही, गुलामी सुटल्यावरही कुठे जाण्याची इच्छा नाही. ती मालकिणीला दटावते, पण दटावते ते मालकिणीच्याच घराण्याच्या अब्रूसाठी. तिच्या प्रेमळ बडबडीमुळे गुलामगिरी हे जणू एक कुटुंबच होते, असा भास तयार होतो. हॅटी जितका उत्तम अभिनय करते, तितका हा खोटेपणा अधिक गोड होतो. काळ्यांच्या वृत्तपत्रांनी या चित्रपटावर टीका केली, काही शहरांत निदर्शने झाली. ती योग्यच होती. ज्या देशाने गुलामी नष्ट केली म्हणून १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ तेथील सदाचारी लोकांना अर्पण केली, त्याच देशात सहासष्ट वर्षांनी गुलामीच्या आठवणीने गळे काढणारा चित्रपट सर्वाधिक चालावा, ही साधी गोष्ट नव्हे.

आणि त्या चित्रपटाने तिला दिले काय? डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटा शहरात पहिला खेळ झाला. जॉर्जिया राज्यातील वर्णभेदामुळे काळे कलावंत तेथे नव्हते. २९ फेब्रुवारी १९४० ला लॉस एंजेलिसच्या ज्या हॉटेलात ऑस्कर समारंभ झाला, तेथे काळ्यांना प्रवेश नसे. निर्मात्याच्या रदबदलीने तिला आत घेतले आणि भिंतीकडच्या वेगळ्या टेबलावर बसवले. तेथून उठून तिने पारितोषिक घेतले. ऑस्कर मिळवणारी ती पहिली काळी व्यक्ती. आपण आपल्या वंशाला भूषण ठरावे, अशी आशा तिने भाषणात व्यक्त केली आणि परत वेगळ्या टेबलावर जाऊन बसली. शाळेत पहिला नंबर येऊनही वर्गाच्या दाराशी बसलेल्या आपल्या मागच्या पिढीला हे टेबल चांगले ओळखीचे आहे.

१९४२ मध्ये काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे चिटणीस वॉल्टर व्हाइट यांनी स्टुडिओंच्या मालकांकडे चांगल्या भूमिकांची मागणी केली. हॅटी दुखावली. आम्हा नटांना न विचारता आमच्या पोटावर बोलता, असे तिचे म्हणणे. या वादात मी व्हाइट यांच्या बाजूचा आहे. पण हॅटीला गद्दार म्हणणाऱ्यांच्या बाजूचा नाही. तिच्यावर हा शिक्का मारणाऱ्यांनी तिचे घर पाहावे. लॉस एंजेलिसच्या वेस्ट ॲडम्स भागात तिने घर घेतले. तेथील जुन्या करारांप्रमाणे काळ्यांना घर विकण्यास बंदी होती. गोऱ्या शेजाऱ्यांनी दावा लावला. हॅटी आणि इतर काळे रहिवासी लढले, लॉरेन मिलर या काळ्या वकिलाने बाजू मांडली आणि १९४५ मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने असे करार अंमलात आणण्यास मनाई केली, त्या वाटेवरचा हा एक टप्पा होता. पडद्यावर गोऱ्यांच्या स्वयंपाकघरात उभी असलेली बाई प्रत्यक्षात त्यांच्या वस्तीत हक्काने राहिली.

१९४७ पासून तिने रेडिओवर ‘ब्यूला’ ही मालिका केली. मोलकरीणच, पण गोऱ्यांना आवडणारी मोडकीतोडकी बोली तिने नाकारली. १९५२ मध्ये कॅन्सरने ती गेली. हॉलिवूडच्या दफनभूमीत पुरावे, ही तिची इच्छा होती. ती जागा गोऱ्यांपुरती होती. १९९९ मध्ये तेथे तिचे स्मारक झाले. हॉवर्ड विद्यापीठाला दिलेले तिचे पारितोषिक हरवले. त्याच्या जागी २०२३ मध्ये दुसरे देण्यात आले. मेल्यावर सन्मान आणि मरताना वेगळे स्मशान, हा न्याय आपल्याला नवा नाही.

मग मित्राच्या प्रश्नाचे उत्तर काय? तमाशातला सोंगाड्या आणि मावशी आपलीच माणसे होती, पण थैली सोडणारा पाटील होता. म्हणून विनोद त्याच्या चवीने वाकला. आंबेडकरी जलशांनी याच सोंगाड्याला हाताशी धरले. भीमराव कर्डकांच्या जलशांतून गवळण गेली, हसणे राहिले. मात्र आता हसे झाले ते भटशाहीचे आणि सावकाराचे. जलसाकारांनी नटाला दोष देत न बसता शब्दांची मालकी आपल्याकडे घेतली. हॅटीला डेन्व्हरमध्ये ती मिळाली होती, हॉलिवूडमध्ये ती हिरावली गेली.

माझी आई रात्री घरी आली की पदर खोचून मालकीणबाईंची नक्कल करायची. कपबशी कशी दुरून द्यायच्या, पैसे वरून कसे टाकायच्या, ते करून दाखवायची. आम्ही भावंडे पोट धरून हसायचो. त्या वेळी ती हॅटीच्या पहिल्या संचातली नटी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच घरी जाऊन ती मुकाट्याने भांडी घासायची. तिच्या सकाळच्या मुकेपणावरून कुणी तिला लाचार ठरवू नये. आणि तिच्या रात्रीच्या नकलेला रंगमंच मिळवून देणे हे आपले, लिहिणाऱ्यांचे, काम होते. ते अजून पुरते झालेले नाही.