सातबाऱ्याची समीक्षा

माणच्या शिवारात आयटी पार्कचा तिसरा टप्पा उभा राहिला. त्याखालच्या सातबाऱ्याची समीक्षा कुणी केली? माझ्या लेखी तेही साहित्यच. लिहिणारे ते, भोगणारे आम्ही. महार वतनाचंच घ्या. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल मांडलं. १९५८ च्या कायद्यानं वतनं गेली. रक्कम भरून परत मिळालेली जमीन कलेक्टरच्या परवानगीबिगर विकता येत नाही. तरी कुठं नावं बदलली असतील, तर ते फेरफारातच सापडणार. माहिती अधिकार कायदा, २००५, कलम ६(२) म्हणतं, अर्जदारानं कारण सांगायची गरज नाही. कचेरी मात्र आधी तेच विचारते, ‘कशाला पायजे?’ ही भाषा कायद्याची नाय, वाड्याची. लिहिणाऱ्या दोस्तांनो, कवितेआधी आपल्या गावचे जुने फेरफार मागा.