‘मी आलो’ म्हणणाऱ्या मुली

आमच्या शिरोळ भागात बाईसुद्धा ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणते. पुण्याच्या वसतिगृहात यावर मुली हसायच्या. हे बोलणं आलं कुठून, याचं मला पटलेलं उत्तर १९७१ साली छापलेल्या एका इंग्रजी निबंधात मिळालं.

जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी तो सांगलीजवळच्या कुपवाडवर लिहिला. आज महापालिकेत असलेलं कुपवाड तेव्हा खेडं होतं. जैनांच्या घरात कन्नड, मुसलमानांच्या घरात उर्दू आणि एकमेकांशी बोलायला मराठी. त्यांचं म्हणणं असं की, पिढ्यान् पिढ्या शेजारी नांदून या भाषांचे शब्द वेगळे राहिले, पण वाक्याचा साचा एक झाला. इकडचं वाक्य शब्दाला शब्द ठेवून तिकडं नेता यायचं.

मला यात माणसाच्या डोक्याची काटकसर दिसते. तीन भाषांना तीन साचे कोण सांभाळणार? शब्द मात्र सुटत नाहीत, कारण शब्दांवरूनच घर ओळखू येतं.

आता ‘मी आलो’कडं बघा. कन्नडमध्ये ‘बंदे’ म्हणजे ‘आलो’ही आणि ‘आले’ही. दोन्ही भाषा कानावर पडणाऱ्या मुलखात मराठीनंही तो फरक सोडला, तर नवल काय? मूल नियम पाठ करत नाही. आईच्या तोंडचं ‘आलो’ हेच त्याचं व्याकरण.

निबंधात मला एक गोष्ट कमी वाटते. त्यातलं गाव फारच समंजस आहे. १९६० नंतर हद्दीच्या अलीकडं मराठी ही शाळेची, सरकारची, नोकरीची भाषा झाली, तीही प्रमाण मराठी. मग भाषा फक्त शेजारामुळं बदलत नाही, लाजेमुळंही बदलते. सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चाळीसेक वर्षांनी कुपवाडच्या या सिद्धांताची चिकित्सक फेरतपासणी केली. दोन्ही लेख सोबतच वाचावेत.

आज शिरोळची मुलगी फोनवर आईला ‘पोचलो’ सांगते आणि मुलाखतीत ‘पोचले’ म्हणते. कुणासमोर काय बोलायचं हे तिला नेमकं कळतं. ही भाषेची समज आहे, तिला अशुद्ध म्हणणं चूक आहे. पण उद्या आईशी बोलतानाही तिला ‘पोचलो’ची लाज वाटली, तर ती काटकसर नसेल. तो तोटा असेल.