तदबीर विसरलेली हुकूमत

आयझॅक आसिमॉव्ह यांच्या 'फाउंडेशन' मालिकेत स्वाऱ्या पुष्कळ आहेत, प्रत्यक्ष लढाया मात्र फारच थोड्या. १९४२ पासून अमेरिकन मासिकात आलेल्या या कथा १९५१ ते १९५३ या काळात तीन पुस्तकांत आल्या आणि १९६६ मध्ये त्यांना सर्वोत्कृष्ट मालिका म्हणून ह्यूगो पुरस्कार मिळाला. आकाशगंगेतील सल्तनतींची ही कहाणी अनेकजण केवळ करमणूक म्हणून वाचतात. आम्हांला तीत एक जुनाच सवाल दिसतो : फत्ते आपल्या तकदिरातच लिहिली आहे, अशी ज्या समाजाची खात्री झाली, तो आक्रमणाला तोंड द्यायला तयार राहील काय?

मांडणी थोडक्यात अशी. हॅरी सेल्डन हा गणिती समूहाच्या वर्तनाचे शास्त्र रचतो. बारा हजार वर्षांचे साम्राज्य कोसळणार आणि ३०,००० वर्षांचे अंधारयुग येणार, हे त्याला दिसते. ते १,००० वर्षांवर आणण्यासाठी तो आकाशगंगेच्या कडेला, टर्मिनस ग्रहावर, फाउंडेशनची स्थापना करवतो. त्याचे गणित अफाट जनसमूहाला लागू पडते, एकट्या माणसाला नाही. शिवाय पुढे काय घडणार, हे त्या समूहाला ठाऊक असता कामा नये.

सुरुवातीच्या पिढ्यांकडे ना फौज होती, ना शस्त्रांपुरता धातू. म्हणूनच त्यांना डोके चालवावे लागले. महापौर साल्व्हर हार्डिन शेजारच्या राज्यांना एकमेकांच्या धाकात ठेवतो. पुढे अनाक्रिऑनचे आरमार टर्मिनसवर चालून येते, तेव्हा त्याच जहाजांवरचे खलाशी बंड करतात, कारण विज्ञानाचाच धर्म करून हार्डिनने त्यांची मने आधी जिंकलेली असतात. होबर मॅलो कोरेलशी व्यापार तोडतो आणि स्वस्थ बसतो. यंत्रे बंद पडू लागतात, लोक कुरकुरतात आणि शत्रू नमतो. तकदिरीचा आधार होता, पण ही माणसे तदबीर करीत होती.

१९४५ मध्ये आलेल्या दोन कथांत हे चित्र पालटते. पहिलीत साम्राज्याचा सेनापती बेल रिओज चढाई करतो. बायझंटाइन सेनापती बेलिसारियसवरून तो घडवला आहे. फाउंडेशन वाचते, पण स्वतःच्या कर्तबगारीने नव्हे. पराक्रमी सेनापती आपले तख्त बळकावील, या संशयाने बादशहाच त्याला परत बोलावतो. एवढ्या मोठ्या संकटातून हात न हलवता सुटलेला समाज काय शिकणार? आपले कोणी काही बिघडवू शकत नाही, एवढेच!

दुसऱ्या कथेत म्यूल येतो. माणसांच्या भावना हव्या तशा वळवणारा हा एकटा जीव सेल्डनच्या गणितात कुठेच बसत नाही. त्या वेळी टर्मिनसवर महापौरपद वारसाहक्काने चालते. तिसरा इंडबर नीटनेटक्या कागदांत रमलेला आहे. हेर खात्याचा कॅप्टन प्रिचर धोक्याची सूचना देतो, ती त्याला शिस्तभंग वाटते. स्वतंत्र व्यापारी जगे बंडाच्या तयारीत आहेत. शत्रू दाराशी आल्यावर सारे सेल्डनच्या ध्वनिचित्रासमोर जमतात. सेल्डन बोलतो ते फाउंडेशन आणि व्यापाऱ्यांच्या यादवीबद्दल. म्यूलचे नावही नाही. तेवढ्यात अणुशक्ती बंद पडते आणि टर्मिनस हातचे जाते.

आम्ही शिक्षकमंडळी हे दृश्य ओळखतो. गाइडमधली उत्तरे घोकून आलेला मुलगा प्रश्न बदलला की पेन खाली ठेवतो. फाउंडेशनकडे जहाजे होती, पण नवा प्रश्न वाचण्याची सवय उरली नव्हती. म्यूलचे खरे हत्यारही निराशाच आहे. त्याच्या पलटणी पोहोचण्यापूर्वीच रक्षकांची उमेद खचलेली असते.

या साऱ्यात शहाणी ठरते ती बेटा नावाची नवविवाहिता. साम्राज्याला जडलेले रोग फाउंडेशनलाही लागले आहेत, हे ती आरंभीच बोलून दाखवते. म्यूलला दुसऱ्या, गुप्त फाउंडेशनचा पत्ता कळणार, तेवढ्यात ती तो पत्ता सांगू पाहणाऱ्या विद्वानालाच गोळी घालते. हे तिला का साधले? ती म्यूलशी आपणहून मायेने वागली, म्हणून त्याने तिच्या मनाला हात लावला नव्हता. सारे आरमार हरले, तिथे एका शाबूत मनाने काम केले.

आमची तक्रार इथून पुढची आहे. हा धागा आसिमॉव्ह सोडून देतात. तिसऱ्या पुस्तकात म्यूलला आवर घालतात ते दुसऱ्या फाउंडेशनचे मनोवैज्ञानिक. आपले रखवालदार आहेत हे कळल्यावर पहिल्या फाउंडेशनचे लोक एक तर सुस्त होतात, नाही तर चिडतात. हे लेखकाने अचूक टिपले आहे. पण त्यावर इलाज कोणता? दुसरे फाउंडेशन नष्ट झाले, असे लोकांना खोटेच पटवून देणे! म्हणजे कौम पुन्हा झोपेत आणि तदबीर मूठभरांच्या हाती. बेटासारखी माणसे हजारोंनी कशी घडतील, याची फिकीर कोणालाच नाही.

तरीही ही पुस्तके वरच्या वर्गातील मुलांच्या हाती द्यावीत, असे आम्हांला वाटते. वाचून झाल्यावर कोणते जहाज मोठे होते हे विचारू नये. प्रिचरची सूचना इंडबरने ऐकली असती, तर टर्मिनसने पहिल्या दिवशी काय करायला हवे होते, हे विचारावे. त्याचे उत्तर पुस्तकात छापलेले नाही; ते मुलांना स्वतःच शोधावे लागेल.